पहिली खेप

लढाईतून भंगारात आलेला ट्रक हैबतीने भोरला जलाल मिस्त्रीच्या मदतीने एकेक नट घासून पुन्हा उभा केला. त्याच्या आईने, सारजाबाईने, तेव्हाच बजावलं होतं, "आपल्या गावातली पयली खेप जानाईची, मंग दुसऱ्या कुणाची!" पण वेल्ह्याच्या डोंगरातल्या त्या गावाला रस्ताच नव्हता.

अखेर एकदाचा रस्ता झाला. धुऊनपुसून, झेंडूची माळ घालून हैबतीने ट्रक थेट जानाईच्या देवळापाशी नेला. सारजाबाईने भाकरतुकडा ओवाळून टाकला.

"सावकाश हाक रं बाबा," ती म्हणाली, "देवी कदी गावाबाहेर गेली न्हाई."

हैबतीने खाली मान घालून हँडल मारलं.

 

रस्ता धरणासाठी झाला होता. पाण्याखाली जाणाऱ्या गावातून सगळ्यांच्या आधी जानाई निघाली.