आठ दिवस कळ काढा

बचत कंपनीच्या खिडकीच्या जाळीखालून ठेवीची पावती आत आली. मुदत संपायला अजून दोन वर्षं होती. गौसियानं नाव वाचलं, मग नवऱ्याचं नाव वाचलं आणि शेवटी पत्ता. नांदेड.

"मोडायची आहे," पलीकडची बाई म्हणाली. "पहिल्या एस.टी.नं आलेय. जरा लवकर करा."

मागच्या आठवड्यात गौसिया आजारी मावशीला बघायला म्हणून नांदेडला गेली होती. नांदेडात तिची मावशी नव्हती, विरूपाक्ष साहेब होते. अशा बचत कंपन्यांवर लक्ष ठेवण्याचा पगार सरकार त्यांना देत होतं. तिनं त्यांना सगळं सांगून टाकलं. औशाच्या रस्त्यावरची जी जमीन कंपनी ठेवीदारांना दाखवते, ती कंपनीची नाहीच. नव्या माणसाच्या पैशातून जुन्याला व्याज जातं, आणि नवी माणसं आता येईनाशी झालीत. साहेबांनी तिच्यासाठी चहा मागवला. "लई धाडस केलंत," ते म्हणाले. "आता आठ दिवस कळ काढा. कुणाजवळ बोलू नका. बोभाटा झाला तर आधी गरिबाचंच बुडतं."

तिला ते पटलं होतं. चहासुद्धा चांगला होता.

"व्याज कापलं जाईल, वहिनी."

"कापू द्या. पोराला क्लास लावायचाय."

"इथं? लातूरला?"

"हाव. म्हणजे, बघून राहिलोत." वहिनींनी पर्समधून आणखी दोन पावत्या काढल्या. "ह्या माझ्या बहिणीच्या अन् जावेच्या. सह्या करून आणल्यात."

"त्यांच्या पण पोरांना क्लास?"

वहिनींनी जाळीतून तिच्याकडे नीट पाहिलं. मग पदर सारखा केला.

केबिनच्या दारात मालक अण्णाराव येऊन उभे राहिले. "साहेबांच्या घरच्या हायत, गौसियाबाई. नियम काय सांगून राहिलात? देऊन टाका. अन् चहा सांगा."

रोखपालानं लोखंडी पेटी उघडली. हात आत घालायला त्याला आज बराच वाकावं लागलं.

बाहेर पायरीवर महानंदा बसली होती. भूकंपात तिचा नवरा गेला, गाव गेलं. सरकारनं नव्या जागी सिमेंटचं घर दिलं, पण ती अजून अंगणातच झोपते. स्लॅबखाली यायला नको म्हणून कंपनीच्या आतही ती कधी बसली नाही. नवऱ्यामागं मिळालेले पैसे तिनं इथं ठेवले, ते खिडकीवर गौसिया बसते म्हणून. असं ती चारचौघांत सांगायची. मागच्या गुरुवारी जाळीशी येऊन तिनं हळूच विचारलं होतं, "बाई, लोक कायबाय बोलून राहिलेत. काढून घेऊ का? माझ्या पोरीच्या, सुकन्याच्या क्लासचे तर भरायचेच हायत."

"राहू द्या, मावशी," गौसिया म्हणाली होती. "आठ दिवसांनी या."

महानंदा बरोबर आठव्या दिवशी आली होती.

वहिनींनी नोटा पर्समध्ये बसवल्या. उरलेल्या कापडी पिशवीत घातल्या आणि वरून शाल ठेवली. उन्हाळ्यात शाल. सांगूनच पाठवलेलं दिसत होतं.

"वहिनी, साहेब तपासणीला कधी येणार म्हणाले?" गौसियानं आवाज खाली आणून विचारलं.

"ते ऑफिसातलं घरी काही बोलत न्हाईत," वहिनी म्हणाल्या. "लई शिस्तीचे हायत." निघता निघता त्या वळल्या. "पण तुमचं नाव घेतात हां. बाई सच्ची आहे म्हणून."

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचा क्लास सुटला. दोन-अडीचशे पोरं एकदम जिन्याकडे धावली आणि स्लॅब धडधडला. वहिनी दचकून पिशवी छातीशी धरून बाहेर पळाल्या. महानंदा त्यांच्याही आधी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी होती. क्लास रोज सुटायचा आणि ती असेल तर रोज अशी उभी राहायची. रिक्षावाले तिला वळसा घालून जायचे. त्यातलीच एक रिक्षा वहिनींनी थांबवली, आणि ती स्टँडकडे गेली.

गौसिया जागेवरून उठली आणि रस्त्यावर आली. पाठीला दप्तरं लावलेली पोरं दोघींच्या दोन्ही बाजूंनी वाहत होती.

"आला का माझा नंबर?" महानंदानं विचारलं.

"पेटीत काही राहिलं न्हाई, मावशी."

"मग उद्या येऊ?"

गौसियानं मान हलवली. "उद्या पण न्हाई. परवा पण न्हाई. मला ठाऊक होतं. मागच्या गुरुवारी तुम्ही विचारलं, तवा पण ठाऊक होतं. साहेब म्हणले, बोलू नका."

महानंदा रिक्षा गेली त्या बाजूला बघत राहिली. मग पोरांकडे. त्यांतल्या एका पोरीच्या वेणीची रिबीन सुटली होती, ती महानंदानं तिला थांबवून बांधून दिली. पोरगी गेली.

"भूकंपाच्या राती आमच्या म्हशीनं दावं तोडलं होतं," ती म्हणाली. "सकाळी शिवारात उभी घावली. जिती. तिला आधीच कळलं असंल."

पोरं पांगली तशा दोघी पायरीपाशी आल्या.

"लोक म्हणले, इकून टाक, घरच्यांना सोडून गेली ती. म्या न्हाई इकली." महानंदानं पायरीवरची आपली पिशवी उचलली आणि झटकली. "म्हशीला कुठं बोलता येतं, बाई."