बाल्कनी क्रमांक त्रेचाळीस

विद्यापीठाच्या संशोधन दिनाला लेकीने आग्रहाने बोलावलं आणि वर "बाबांना आणू नकोस" असं बजावलं, तेव्हाच आईच्या मनात पाल चुकचुकली होती.

लेकीचा विषय होता शहरातल्या बाल्कन्या आणि त्यात वाळणारे कपडे. भिंतीवर पन्नास मोठाले फोटो होते. लोक तोंड भरून कौतुक करत होते, पण पोरगी आपली आईकडेच टक लावून बघत होती.

"सगळे फोटो एका रांगेत आणि हा एकच एवढा खाली का गं?"

असं विचारत आई त्या फोटोजवळ गेली.

तिने चष्मा पुसला. कुणाच्या तरी बाल्कनीत, बाईच्या गाउनशेजारी एक निळा शर्ट वाळत होता. त्याचा खिसा हिरव्या दोऱ्याने शिवलेला होता. त्या दिवशी घरातला निळा दोरा संपला होता, म्हणून तिनेच हिरव्याने शिवला होता. नवरा म्हणाला होता, शर्ट दौऱ्यावर लॉजमध्ये राहिला.

पोरीला यातलं काही कळता कामा नये. तिने घाईघाईने फोटोकडे पाठ केली. "चल, पुढचे बघू."

लेक जागची हलली नाही. "आई, तो तुझ्याच उंचीला लावलाय."