चौदावा दिवस

लेकीचं तेरावं उरकलं आणि चौदाव्या दिवसापासून कुमुदचं रडणं कायद्याने आजार ठरलं. सुतकात मनगटाला बांधलेला पट्टा रडण्याने लाल झाला, की आरोग्य खात्याची माणसं येत आणि एका सुईत दुःख पुसून टाकत.

म्हणून रोज दुपारी शेजारच्या शेवंताकाकू तो पट्टा स्वतःच्या हातात चढवून ओसरीवर शेंगा सोलत बसत. त्यांना ती सुई कधीच टोचून झाली होती. त्या रडतच नसत. "जा, रडून घे," म्हणत.

आज दारात गाडी थांबली. लेकीची ओढणी टाकून कुमुद बाहेर धावली. पट्टा लालभडक झाला होता. काकूंच्या डोळ्यांना धार लागली होती.

"कुमुद, मलाही एक मुलगा होता गं! त्याचं नाव काय होतं?"