डुबुक

मोहनरावांनी खोलीचं दार लावलं आणि बाहेरचा टँकरचा घरघराट एकदम तुटला. खाली जाड गालिचा, भिंतींना गाद्या ठोकलेल्या आणि समोर छातीएवढे उंच दोन स्पीकर. गहिनीनाथ बघतच राहिला. याच स्पीकरचे व्हिडिओ दाखवून दाखवून त्यानं कॉलेजातल्या मित्रांचं डोकं खाल्लं होतं. घरी त्यानं जुन्या टीव्हीचा स्पीकर माठाच्या तोंडात बसवला होता, आणि चांगला माठ नासवला म्हणून आईनं त्याचा आठवडाभर उद्धार केला होता.

मोहनराव सहकारी साखर कारखान्याचे संचालक. यंदा ऊसच नव्हता, त्यामुळे कारखान्याच्या आवारात गुरांची छावणी होती आणि संचालकांना गाणी ऐकायला सवड होती.

"बस मधोमध," ते म्हणाले. "काय लावायचं? भजन का लावणी?"

"गाणं न्हाई, काका. बोअर हाय."

"बोअर?"

"आमचा बोअर. खडा टाकल्याला आवाज हाय."

मोहनराव हसले. "आरं, मोठमोठे गवई आणून बसवलेत मी ह्या पेट्यांत. अन् तू खडा घिऊन आलास?"

गहिनीनाथलाही हसू आलं असतं, पण सकाळपासून सगळं घर याच आवाजावर अडून बसलं होतं. आटलेल्या बोअरला महिनाभर विसावा दिला की पाझर फुटतो, असं त्याच्या वडिलांचं, सिदूचं, म्हणणं. दोरी सोडावी तर ती मध्येच अडकायची. म्हणून सिदूनं सकाळी बोअरच्या तोंडाशी वाकून आत खडा टाकला. खडा टाकला की सगळ्यांनी श्वास धरायचा, अशी गावाची रीतच. गहिनीनाथनं शेजारी मोबाईल धरला होता. "डुबुक!" सिदू ओरडला, "पानी हाय!" आईला मात्र नुसतं टक् ऐकू आलं. गहिनीनाथनं इअरफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकलं. एकदा पाणी वाटायचं, एकदा दगड.

घरी दारात छावणीला जाणारा टेम्पो उभा होता. बाकीची गुरं चढली होती, राहिली होती तांबडी गाय. ती दिवसांत आलेली. पाणी असेल तर ती घरीच विणार होती, नसेल तर तिला भर उन्हात मांजरसुंब्याच्या घाटातून धक्के खात न्यायची. छावणी आजच्यानंतर नवीन गुरं घेणार नव्हती. "तुझ्या त्या स्पीकरवर ऐकून सांग," सिदू म्हणाला होता, "तवर टेम्पो थांबवतो."

गहिनीनाथनं मोबाईलला वायर जोडली आणि खुर्चीत बसला.

आधी वारा आला. मग खोलीच्या मधोमध जणू बोअरच उघडला. खडा पाइपला घासत, टिणटिण करत खाली निघाला, आणि प्रत्येक टिणटिण आधीच्यापेक्षा खोल, गुंजत गेली. गहिनीनाथच्या अंगावर काटा आला. आवाजाला एवढी खोली असते हे त्यानं नुसतं वाचलं होतं. घटकाभर तो गायही विसरला.

मग आलं, डुबुक.

"आला की रं!" मोहनराव मांडीवर थाप मारून म्हणाले. "पानी हाय!"

गहिनीनाथ खुर्चीत पुढे झुकला. त्या डुबुकला पाइपाची गुंज नव्हती. खडा तर खोल गेलेला, आणि हा आवाज इतका जवळचा, की हात लावता यावा. त्याच्यामागून अगदी तळातून एक टक् आलं, बारीक, कोरडं, गुंजत. त्यानं परत लावलं. परत तेच. टक् कशाचं ते त्याला कळलं होतं, पण डुबुक कशाचं ते कळेना. आणि ते कळल्याशिवाय वडिलांना काय सांगायचं?

तेवढ्यात मोबाईल वाजला. वायर तशीच होती, त्यामुळे रिंग दोन्ही स्पीकरमधून दणकली. त्यानं गडबडीत फोन उचलला आणि सिदू खोलीभर उभा राहिला.

"गहिनी, टेम्पोवाला आयकंना झालाय रं. कासरा हातातच हाय माज्या. ऐकलंस का?"

"ऐकतोय, आबा."

"मग? पानी हाय न्हवं?"

गहिनीनाथ गप्प राहिला. पलीकडे सिदूही गप्प झाला. त्या उंची स्पीकरमधून त्याचा श्वास ऐकू येत होता, गाय हंबरलेली ऐकू येत होती, टेम्पोचं इंजिन ऐकू येत होतं. सिदूनं श्वास धरला. आणि मग त्याच्या घशात आवंढा उतरला.

डुबुक.

तोच आवाज. तसाच जवळचा, तसाच बिनगुंजेचा. मोहनरावांनी चमकून स्पीकरकडे पाहिलं आणि मान खाली घातली. गहिनीनाथला वाटलं, हा एवढा स्वच्छ आवाज कधी ऐकलाच नसता तर बरं झालं असतं. त्यानं डोळे पुसले.

"बोल की," सिदू म्हणाला. "आला न्हवं आवाज?"

"आला, आबा," गहिनीनाथ म्हणाला. "गाईला टेम्पोत सावकाश चढवा. लई सावकाश."