सप्टेंबरचा आठवडा

बहामाजच्या रिसॉर्टमध्ये खोल्या विकणाऱ्या बाईने नारळपाणी पुढे केलं, तसा मुलगा म्हणाला, "आई, घेऊन टाकू? दरवर्षी सप्टेंबरचा एक आठवडा ही खोली आपली. वादळांचे दिवस, म्हणून स्वस्त. तुम्ही नाशिकहून या, मी टोरांटोहून."

"अरे, सप्टेंबरात गौरी-गणपती असतात. तेव्हा तू घरी येतोस ना?"

"सुट्टी एकदाच मिळते, आई. गणपती काकाकडे बसवा."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. एरवी भाजीवाल्याशीही हुज्जत घालणारे हे स्ट्रॉने बर्फ ढवळत बसले. नाही म्हणावं, तर पोरगा तेवढाही भेटायचा नाही.

"घेऊन टाक," मी म्हटलं. "फक्त तिला विचार, खोलीत मोदक उकडता येतील का?"

तो खळखळून हसला. त्याला वाटलं, मी गंमत करतेय.