सीटवरचं वजन

गाडी चार काट्यांवर उभी होती, एकेका चाकाखाली एकेक काटा, आणि गाडीत बाबा पोट आत ओढून बसले होते.

“पोट आत घेतलं म्हणून वजन कमी होत नाही, बाबा,” चाकाशी आडवी पडलेली मुलगी म्हणाली.

“मी ताठ बसलोय,” बाबा म्हणाले आणि त्यांनी श्वास सोडला.

आकडे वाचायला आई होती. किराणा दुकानात तिचं निम्मं आयुष्य काट्यासमोर गेलेलं. चारही काटे तिनं आधी दुकानातली वजनं ठेवून तपासले होते, मगच त्यांच्यावर गाडी चढू दिली होती. आता ती एकेका काट्यापुढे वाकून गिऱ्हाइकाला सांगावे तसे आकडे सांगत होती.

गाडी मुलीनं घरीच बांधली होती. नळ्यांचा सांगाडा तिनं जोडला, पत्रा तिनं ठोकला, आणि एवढ्याशा जिवात इंजिन असं दांडगं बसवलं की पहिल्यांदा चालू केलं तेव्हा शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. उद्या गाडी चढाच्या रस्त्यावरच्या शर्यतीत घड्याळ लावून पळायची होती. चालवणार कोण, हा प्रश्न घरात कुणी काढलाच नव्हता. बाबांची हयात बस चालवण्यात गेलेली. गल्ली त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणूनच ओळखायची. गेला महिनाभर ते भेटेल त्याला सांगत होते, “लेकीनं गाडी बांधलीय. चालवणार मी.” पहिल्या वाक्याला त्यांची छाती फुगायची आणि दुसऱ्याला आणखी थोडी.

मुलगी हे ऐकून घ्यायची आणि स्प्रिंगेच्या खालची रिंग फिरवत बसायची. रिंग वर चढवली की गाडीचा तो कोपरा वर यायचा आणि जास्त भार घ्यायचा, डुगडुगत्या टेबलाच्या एका पायाखाली कागदाची घडी सरकवावी तसा. चारही कोपरे नीट जुळले नाहीत तर एवढी हलकी गाडी वळणावर कुठे जाईल त्याचा नेम नव्हता.

“आता बघ,” ती म्हणाली आणि गाडी स्प्रिंगांवर नीट बसावी म्हणून तिनं पुढचा पत्रा दोनदा दाबला.

“उजवीकडचं अजून नाही जुळत,” आई म्हणाली. “आणि हे म्हणतात मी बारीक झालो.”

“अगं, चढव की आणखी रिंग,” बाबा म्हणाले.

“आटे संपले, बाबा. याच्या वर ती जात नाही. स्प्रिंगा मऊ पडतायत.”

“मग कडक का नाही घेतल्यास?”

पान्ह्याला लागलेलं ग्रीस मुलीनं पँटला पुसलं.

“हिशोब करताना माझं वजन धरलं गेलं.”

“चुकून?”

“चुकून.”

आईनं काट्यावरून मान वर केली. माल कुणी चुकून कमी तोलला आणि कुणी मुद्दाम, हे तिला समोरच्याच्या तोंडावरून कळायचं. ती पुन्हा काट्यावर वाकली.

“स्प्रिंगांचं दुकान उघडं असेल,” मुलगी म्हणाली. “कडक जोडी आणते. तासाभराचं काम आहे, संध्याकाळच्या आत बदलून होईल.”

ती खरंच उठली, चप्पल पायात सरकवली आणि हात धुवायला नळाकडे निघाली. एकदाही मागे न बघता.

बाबांचे हात स्टिअरिंगवर होते. छोटंसं स्टिअरिंग, त्यांच्या पंजात ताटलीएवढं दिसणारं. ते त्यांनी डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं. मुठीखालचं कातडं तिनं त्यांच्या बोटांच्या मापानं गुंडाळलं नव्हतं, हे त्यांना आत्ता जाणवलं. बोटं एकमेकांत अडकत होती.

“बसमध्ये बरं होतं,” ते म्हणाले. “मी जाड की बारीक, बसला काही पडलेलं नव्हतं.”

मग त्यांनी वरची नळी धरली, एक पाय बाहेर काढला, दुसरा काढताना “आई गं” म्हणाले आणि बाहेर आले. गाडी वर उचलली गेली. चारही काट्यांवरचे आकडे भराभर उतरले.

“चप्पल काढ,” ते मुलीला म्हणाले. “बस आत.”

“बाबा, तुम्ही सगळ्यांना सांगितलंय...”

“गाडीला नाही ना सांगितलं. बस.”

ती बसली. सीटमध्ये अशी बसली की जणू रोजच बसत होती. बाबांनी तिचा पान्हा उचलला, गुडघे टेकले, मग कोपर टेकलं आणि अखेर चाकाशी सरळ आडवे झाले. रिंग त्यांनी शोधली.

“किती उतरवू?”

मुलगी घुटमळली. “पांढरी खूण आहे बघा. तिथपर्यंत.”

आट्यांवर रंगाचा एक ठिपका होता, जुना, धुळीनं मळलेला. बाबांनी अंगठ्यानं त्याच्यावरची धूळ पुसली. मग त्यांनी सावकाश, एकेक खाच मोजल्यासारखी, रिंग खाली आणली. आईनं पत्रा दोनदा दाबला आणि ती चारही काट्यांपाशी फिरून आली. पुन्हा एकदा फिरली.

“जुळलं,” ती म्हणाली. “गुंजभरही फरक नाही.”

समोरचा बेकरीवाला कुंपणावर कोपरं टेकून कधीचा बघत होता. गाडी त्याला दिसत होती, तिच्या चाकापाशी बाबांचे दोन पाय तेवढे दिसत होते.

“काय ड्रायव्हरसाहेब,” त्यानं हाक मारली, “उद्या किती जोरात?”

बाबांनी रिंग सरकू नये म्हणून तिला लागून कुलपासारखी दुसरी रिंग आवळली. मग आडव्या आडव्याच, शेवटच्या घरापर्यंत ऐकू जाईल असे ओरडले,

“ड्रायव्हरसाहेब वर बसल्यात. त्यांना विचारा!”