गाडी चालू होत नाहीये

बाबांनी चावी फिरवली. गाडीने हूं की चूं केलं नाही.

"बघ," ते म्हणाले, "आजही नाही."

"थंडीच तशी पडलीय, बाबा." ऋचा पोर्चच्या खांबाला टेकून उभी होती. शालीच्या आत तिच्या मुठीत दहा नंबरचा पाना होता, अजून गार.

लखनौतल्या जानकीपुरमची ती गल्ली धुक्यात पार बुडाली होती. समोरचं घरसुद्धा दिसत नव्हतं. पोर्चच्या हुकाला लाल फडक्यात बांधलेला तांब्याचा कलश टांगलेला होता. त्यात आईच्या अस्थी होत्या. घरात ठेवायच्या नाहीत म्हणून बाहेर, गाडीच्या शेजारी.

आईने सांगून ठेवलं होतं, मला प्रयागला आपल्या गाडीने न्या, आणि गाडी यांनीच चालवायची. लखनौला बदली झाली तेव्हापासून दर हिवाळ्यात ती डाव्या खिडकीतून डोकं बाहेर काढून बाबांना रस्ता सांगत आली होती. "अहो, डावीकडे! ट्रक उभाय, ट्रक!" बाबा चिडायचे, पण स्टिअरिंग तिच्या शब्दावर वळायचं.

आता चष्मा लावूनही बाबांना फाटकाची कडी चाचपावी लागे. प्रयागकडे जाणाऱ्या रायबरेलीच्या रस्त्यावर धुक्यात उभ्या ट्रकवर मागून गाडी आदळल्याची बातमी एक दिवसाआड पेपरात असायची. आईपाठोपाठ बाबा जायला नकोत, एवढंच ऋचाला कळत होतं. "नको" म्हटलं असतं तर ते हट्टाने निघाले असते. म्हणून ते उठायच्या आत ती बॉनेट उघडून बॅटरीची तार सोडवून ठेवायची, आणि संशय नको म्हणून रात्री परत जोडायची. ही युक्ती त्यांनीच शिकवली होती, सुट्टीत ट्रेनने साताऱ्याला जाताना मागे उभ्या गाडीची बॅटरी उतरू नये म्हणून.

पहिल्याच दिवशी आपली चोरी पकडली जाईल असं तिला वाटलं होतं. सरकारी कारखान्यात इंजिनं उघडण्यात बाबांची हयात गेली होती. पण ते बॉनेटकडे फिरकलेही नाहीत. दुःखात माणसाचं असंच होतं, असं तिने स्वतःला समजावलं.

चावी फिरवून झाली की बाबा खुर्ची ओढून पोर्चमध्येच बसत. माकडटोपी, मफलर, वर आईची शाल. चहा तिथेच, पेपर तिथेच.

"आत या ना. हाडं गोठतील."

"बसतो जरा. ऊन आलं तर गाडी तापेल. मग बघू."

शेजारचे मिश्राजी कुंपणावरून डोकवायचे. "भाई साहब, चार लड़के बुलाऊँ? धक्का लगवा देते हैं."

"रहने दीजिए मिश्राजी. धक्का वो लगाएँगे, कमर आपकी जाएगी."

नाशिकहून सरोजआत्याचा फोन आला. तिचा आवाज स्पीकरवर नसतानाही अख्ख्या पोर्चमध्ये ऐकू येई.

"विश्वास, अरे दहाव्याच्या आत व्हायला हवं होतं. आता महिना होत आला!"

"गाडी चालू होत नाहीये. काय करू?"

"मग ट्रेनने जा!"

"ती गाडीने म्हणाली होती."

"जिवंत होती तेव्हा कधी तिचं ऐकलंस रे? आता ऐकतोयस!"

बाबा हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

"हसू नकोस. वहिनी अधांतरी लटकलीय तिथे. कळतंय का तुला?"

बाबांनी फोन ठेवला आणि थंड झालेला चहा संपवला. ऋचा मात्र आत जाऊन ओट्यापाशी उभी राहिली. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं तिला भानच राहिलं नाही. अधांतरी. आईला अधांतरी लटकवलं होतं ते तिने. बाबांनी नाही, थंडीनेही नाही. बाबांना सांभाळायच्या नादात आईची एवढी एक इच्छा तिने रोज पहाटे पान्याने सैल केली होती.

संक्रांत झाली. खालच्या गल्लीतून पतंग उडायला लागले, म्हणजे आकाश दिसायला लागलं. हवामानखात्याने स्वच्छ ऊन सांगितलं. ऋचाने बँकेत रजा टाकली. संध्याकाळी बाबा भाजी आणायला गेले तेव्हा तिने बॅटरीची तार जागेवर बसवली, नट घट्ट आवळला आणि चावी फिरवून पाहिली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. तिने घाईने बंद केली.

जेवताना ती म्हणाली, "उद्या निघू या, बाबा. ऊन पडणार आहे. डाव्या खिडकीत मी बसेन. आई सांगायची तसं सगळं सांगेन."

बाबांचा घास हातातच राहिला. "गाडी चालू होईल?"

"होईल."

"अच्छा," ते म्हणाले. मग ताट उचलून ठेवताना, "बरं."

सकाळी मिश्राजींच्या गच्चीवरची तारसुद्धा लख्ख दिसत होती. ऋचाने हुकावरून कलश उतरवला आणि मांडीवर घेऊन डाव्या सीटवर बसली. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. दाढीही केली होती. त्यांनी कलशाकडे एकदा पाहिलं, मग समोर, आणि चावी फिरवली.

काहीच झालं नाही.

त्यांनी पुन्हा फिरवली. डॅशबोर्डचा दिवासुद्धा लागला नाही.

"थंडी," बाबा म्हणाले.

"बाबा, ऊन पडलंय."

"हो का? मला धुकंच दिसतंय."

त्यांनी हात पुढे केले. ऋचाने कलश त्यांच्या मांडीवर दिला, खाली उतरली आणि बॉनेट उघडलं. काल तिने आवळलेली तार सुटून बाजूला पडली होती. तिचं टोक चुकूनही बॅटरीला लागू नये म्हणून त्याभोवती बाबांचा चौकड्यांचा रुमाल गुंडाळून, वर सुतळीची घट्ट गाठ मारलेली होती.